तात्यांच्या चिंचेवरची चिंधी

कॉलेजच्या पहिल्याच दिवशी सरांनी एकेकाला उभं केलं आणि म्हणाले, आपलं बॅकग्राउंड सांगा, इंटरेस्ट सांगा, अँबिशन सांगा. पुढच्या बाकापासून सुरुवात झाली. कुणाचे वडील शिक्षक, कुणाचे कंत्राटदार, कुणाचं मेडिकलचं दुकान. आवड बहुतेकांची क्रिकेट, नाहीतर गाणी ऐकणं. पुढं काय व्हायचं, तर पुण्याच्या कंपनीत लागायचं. माझी पाळी आली तेव्हा मी उठले आणि म्हणाले, "आमचा चिंचेचा धंदा आहे. मला चिंचेतलं कळतं. आणि मला चिंच फोडायचं यंत्र करायचं आहे."

वर्ग हसला. मागचा एक पोरगा शेजारच्याला म्हणाला, "हिला हातोडा द्या बे एक. ॲडमिशन कशाला घ्यायचं?"

मी वळून त्याला विचारलं, आतला चिंचोका न फुटता चिंच फोडून दाखवशील का? नसेल येत तर तोंड मिट. सर म्हणाले, बसा, बसा. मी बसले, पण दिवसभर कान गरम होते. तेव्हापासून कॉलेजात मला सगळे 'चिंच' म्हणतात. आता त्याचं काही वाटत नाही. पण त्या दिवशी तीन वाक्यांत जे बसलं नाही ते नीट सांगायचं राहून गेलं, ते इथं सांगते.

आमचं गाव आष्टी तालुक्यात आहे. कोरडवाहू रान. बाजरी, तूर आणि पाऊस बरा झाला तर कांदा. दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात. मागं राहतात म्हातारी माणसं, दहावी-बारावीची पोरं, आणि ज्यांना गावात काही काम आहे अशा थोड्या बायका. आमच्या अंगणात चिंच येते म्हणून काही बायकांचं तोडीला जाणं टळतं. जानेवारीपासून त्या आईबरोबर दगड मांडून बसतात. चिंचेवर लाकडी हातोडीचा हलका ठोका टाकायचा, टरफल झटकायचं, शिरा ओढायच्या, मग विळ्यानं पोट फाडून चिंचोके काढायचे. ठोका जड पडला की चिंचोका फुटतो आणि मालाचा दर जातो. संध्याकाळी त्यांची बोटं काळीतांबूस झालेली असतात आणि नखांच्या कडा आंबटानं सोललेल्या. आई जेवताना तिखटाचा घास डाव्या हातानं कालवायची, कारण उजव्याची आग व्हायची. लहानपणी मला वाटायचं, मोठ्या बायका डाव्या हातानंच कालवतात.

चिंच आमच्या मालकीची नाही. आमच्या बांधावर एकच झाड आहे आणि तेही कंजूस आहे. आम्ही लोकांची झाडं उक्ती घेतो. म्हणजे दिवाळीच्या सुमारास, फळ हिरवं असतानाच, उभ्या झाडाचा सौदा करायचा. झाडाखाली जायचं, मालकासमोर एक फेरी मारायची, वर बघायचं आणि किती माल निघेल ते मनाशी ठरवायचं. पुढं वारा झाला, फळ गळालं, माकडं आली, तर घेणाराचं नशीब. जास्त निघालं तरी घेणाराचंच. सौदा झाला की घेणारा खालच्या फांदीला एक चिंधी बांधतो. कागद नाही, सही नाही. चिंधी दिसली की दुसरा व्यापारी त्या झाडाखाली थांबतसुद्धा नाही, गाडी पुढं घेतो. आमच्या भागातला हा सगळा धंदा त्या चिंधीवर चालतो.

दादा म्हणजे माझे वडील या धंद्यात आहेत, पण त्यांना भाव करता येत नाही. समोरच्याचं तोंड पडलं की ते स्वतःच वर चढतात. झाडाची फेरी मारताना मोठ्यानं म्हणतात, "लई छान धरलंय हो." आता घेणारानं असं म्हटल्यावर विकणारा खाली कशाला येईल? मी चौथी-पाचवीत असल्यापासून त्यांच्या मागं फिरायचे. एकदा मला राहवलं नाही. मी म्हणाले, "दादा, वरच्या अंगाला निस्ता पाला हाय. आन् ह्या झाडाची चिंच बारीक निघती, गेल्या साली आईनं फोडली तव्हा बघितली की." झाडाचा मालक माझ्याकडं बघत राहिला. दादांनी मला गप्प केलं, पण सौदा मी म्हटलं तिथंच ठरला. घरी येताना दादा सायकल ढकलत चालले होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पुढल्या झाडालाबी ये."

तेव्हापासून भाव मीच करायचे. मला त्यात जेवढी मजा येते तेवढी दुसऱ्या कशात येत नाही. माणूस पहिला आकडा बोलतो तेव्हा तो कुठं बघतो, बायकोकडं वळतो का, चहा किती लवकर सांगतो, हे सगळं मी बघत असते. रागावर मात्र माझा ताबा नाही. कुणी खोटं बोललं की मी उठून चालायला लागते, आणि भावात उठून जाणं उपयोगी पडतं, त्यामुळं हा राग आहे की हिशेब ते लोकांना कळत नाही. मलाही कधीकधी कळत नाही. शाळेची सायकल मी झाडाखालचे चिंचोके वेचून, विकून घेतली. बारावीच्या शिकवणीला जायला मोबाइल लागला तोही तसाच. बीडला होस्टेलवर आल्यावर आमच्या मजल्यावरच्या सगळ्या मुलींचे ड्रॉइंग बोर्ड आणि ड्राफ्टर मी वरच्या वर्गातल्या मुलांकडून एकगठ्ठा घेतले. ती मुलं एकेक विकायला बसली होती. मी म्हणाले, सगळे घेते, पण स्क्रू ढिले असलेले तुम्ही आवळून द्यायचे. दिले आवळून. मुली म्हणाल्या, तू कॉमर्सला का गेली नाहीस?

त्याचं कारण रसवंतीचा चरक. नववीत असताना आष्टीच्या बाजारात भंगारवाल्याकडं एक मोडका हाताचा चरक पडला होता, उसाचा रस काढायचा. दोन लाटांमधून, म्हणजे फिरत्या रुळांमधून, ऊस जातो आणि चिपाड बाहेर पडतं. मी विचार केला, यातून चिंच गेली तर? लाटांवर स्कूटरच्या जुन्या ट्यूबचं रबर चढवलं, दोघींमधलं अंतर वाढवलं, आणि आईच्या टोपलीतली चिंच घातली. टरफल सुंदर निघालं. चिंचोकेही सगळे फुटले. आई म्हणाली, "शेंगदाण्याचं कूट करायला बरंय." मी तो चरक परत उघडला. अजून उघडतेच आहे. चिंच कुठं जाड असते, कुठं बारीक, कुठं वाकडी. लाटांना ते कळलं पाहिजे. वाकड्या चिंचेपुढं मागं सरणारी लाट पाहिजे. ते मला कुणी शिकवलं नाही आणि मला ते शिकायचं होतं, म्हणून मी मेकॅनिकल घेतलं. घरादारानं कॉम्प्युटर घे म्हणून सांगितलं. माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी, गावातल्या किराणा दुकानासमोर उभं राहून सांगितलं, "पोरीच्या जातीला लोखंड कावून पाहिजे?" तात्यांशी मी त्या वेळी बोलतच नव्हते.

आता ते सांगावं लागेल.

तात्या दादांचे थोरले भाऊ. त्यांचं घर मळ्यात, विहिरीजवळ, आणि विहिरीजवळ त्यांचं चिंचेचं झाड. तसं झाड आमच्या पंचक्रोशीत नाही. एका फांदीवर धरतं तेवढं दुसऱ्या अख्ख्या झाडावर धरत नाही, आणि चिंच लांब, सरळ, कमी शिरांची. ते झाड नेहमी आष्टीचे एक व्यापारी घ्यायचे. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आवाज कधी वर चढणार नाही. मला ते झाड हवं होतं. दादा म्हणायचे, भावाचं झाड घेऊ नये, भांडणं होतात.

मी दहावीत होते त्या दिवाळीत दादा तापानं झोपून होते. मी एकटी तात्यांच्या मळ्यात गेले. फेरी मारली. तात्या बाजेवर बसले आणि आम्ही सकाळपासून ऊन डोक्यावर येईस्तोवर भाव केला. तात्या कच्चे नाहीत. मी दोनदा उठून चालू लागले, दोनदा त्यांनी हाक मारली. काकूनं दोन वेळा चहा केला. शेवटी ते "घे माय, घे. बापाच्या वरताण हायेस," असं म्हणाले आणि मी आईच्या जुन्या लुगड्याचा हिरवा काठ फाडून नेला होता, तो खालच्या फांदीला बांधला. तात्यांनी बघितलं. काकूनंही बघितलं. मी घरी पळत गेले आणि दादांना सांगितलं. तापात दादा उठून बसले.

आठवडा झाला नाही तोच मी त्या वाटेनं गेलते, तर फांदीवर पिवळी चिंधी. आप्पांची चिंधी पिवळी असते. माझी हिरवी खाली मातीत पडली होती, शेळीनं एका टोकाला चावलेली.

मी तशीच दुकानाकडं गेले. तात्या तिथं पेपर वाचत बसले होते, गावातली चार माणसं होती. मी विचारलं, "तात्या, माझी चिंधी कुणी सोडली?"

तात्या पेपर खाली न घेता म्हणाले, "पोरीनं बांधलेली चिंधी म्हंजी खेळातली चिंधी. सौदा बाप्या माणसाचा असतोय."

माणसं हसली. कुणी कुत्सित नाही हसलं, लहान पोरानं काही बोलल्यावर हसतात तसं. ते जास्त लागलं. मी घरी आले, दादांना म्हणाले, जाऊन सांगा. दादा म्हणाले, "जाऊ दे, भाऊ हाय." ती मातीतली चिंधी मी धुऊन कंपासपेटीत ठेवली. त्या दिवसापासून मी तात्यांच्या घरचा चहा घेतला नाही. लग्नकार्याला गेले, जेवले, वाढलंही, पण चहा नाही. काकू कप पुढं करायची आणि मी म्हणायचे, आत्ताच झाला. काकूला कळत होतं. तात्यांना कळत होतं की नाही, माहीत नाही.

परवाच्या दिवाळीला मी बीडहून घरी आले. एसटीतून उतरले तेव्हा कॉलेजच्या वर्कशॉपमधली कानस चालवून हाताला घट्टे पडलेले होते. पहिल्या सेमिस्टरला लोखंडाचा एक तुकडा देतात आणि तो सगळ्या बाजूंनी काटकोनात घासायला सांगतात. पोरांनी कंटाळून सोडून दिला, मी तो तीन वेळा नव्यानं घासला. आईनं माझे तळहात बघितले आणि तिचे शेजारी धरले. "आता शोभतीस," म्हणाली.

जेवताना दादा म्हणाले, "तात्याचं झाड यंदा लई धरलंय. असं कवा बघितलं नव्हतं." आणि लगेच आईकडं बघून गप्प बसले.

मी ताट पुरं केलं आणि निघाले. मला ते झाड पाहिजे होतं. धंद्यासाठी तर पाहिजेच होतं, कारण त्या एका झाडावर आईच्या बायकांचं अर्धं काम भागलं असतं, आणि माझ्या यंत्राला सरळ, सारख्या चिंचा लागतात त्या तिथंच मिळतात. पण खरं सांगायचं तर मला ते तात्यांच्याकडून घ्यायचं होतं. माझ्या हातानं बांधलेली चिंधी त्यांच्या फांदीवर राहिली पाहिजे होती.

झाड वाकलं होतं. खरंच वाकलं होतं. आणि खालच्या फांदीला पिवळी चिंधी होती.

मी वळले. तेवढ्यात मागून तात्यांचा आवाज आला. "कावून चाललीस? ये की. झाड बघायला आलतीस न्हवं?"

"चिंधी हाय की झाडाला."

"हाय म्हून काय झालं? बस."

मी बाजेच्या कडेला बसले. काकूनं आतून डोकावून बघितलं. चहाचं विचारलं नाही, तिला माहीत होतं. तात्यांनी हळूहळू विषयाला हात घातला. आप्पांनी झाड नवरात्राच्या आधीच घेतलं होतं, फळ अजून बारीक असताना. तेव्हा एवढं दिसत नव्हतं. आता फांद्या मोडायला आल्यात आणि बाजारही चढलाय. तात्यांना वाटत होतं आपण फसलो.

"आप्पाचं काय, त्याला धा झाडं हायेत," तात्या म्हणाले. "आपलं झाड आपल्या घरात ऱ्हावं. तू एवढी इंजिनेर व्हायलीस. बोल, काय देतीस?"

मी लबाडी ओळखली. त्यांनाही माहीत होतं की हे झाड माझ्या डोक्यात आहे, आणि ते त्याच्यावरच भाव धरून बसले होते. तरी मी बोलायला लागले. तोंड आपोआप सुरू झालं. मी म्हणाले, वरचा शेंडा किडलाय. ते म्हणाले, तुझ्या डोळ्यांत कीड हाय. मी म्हणाले, माकडं येतात. ते म्हणाले, मी राखीन. मी उठले, त्यांनी बसवलं. ते उठून विहिरीकडं गेले, मी बोलावलं नाही, ते आपणच परत आले. असा भाव मी कितीतरी दिवसांत केला नव्हता. सेमिस्टरभर गणितं सोडवून डोकं जड झालं होतं ते हलकं झालं. तात्याही खुशीत होते, हे मला दिसत होतं. आमच्या घराण्यात भाव करणारी माणसं दोनच आहेत, ते आणि मी. आणि शेवटी ते मी मनात धरलं होतं त्याच्याही खाली आले.

"झालं," तात्या म्हणाले. "चिंधी आणलीस का?"

त्यांनी खुंटीवरचा विळा घेतला आणि झाडाखाली गेले. पिवळ्या चिंधीची गाठ डाव्या हातात धरली.

मी उभी होते. हातात ओढणीचं टोक होतं, फाडायला धरलेलं. मला झाड मिळत होतं. स्वस्तात मिळत होतं. शिवाय आप्पांकडून काढून मिळत होतं, त्याच आप्पांकडून, ज्यांच्या पिवळ्या चिंधीसाठी माझी मातीत गेली. कुणालाही वाटलं असतं, झाली फिट्टंफाट.

पण मी भाव करणारी आहे. काय देते आणि काय घेते, हे मला बघावंच लागतं. ही चिंधी माझ्यासाठी सुटली असती, तर मग चिंधी सोडता येते हे मीच कबूल केलं असतं. मग तात्यांनी दहावीच्या वर्षी माझी सोडली ती बरोबरच ठरली असती. तीन वर्षं जो राग मी सांभाळला, ज्याच्यासाठी इतके कप परत पाठवले, तो एका हंगामाच्या चिंचेवर द्यायचा? इतक्या स्वस्तात मी शेजारणीला चिंचोकेसुद्धा दिले नाहीत.

"तात्या, थांबा," मी म्हणाले. "ती कुणी बांधली?"

"आप्पानं. तुला म्हाईत हाय की."

"मग तुमी कशी सोडता?"

"चिंधीच ती. सोडली की सुटती."

मग माझं डोकं फिरलं. मी मोबाइल काढला, आप्पांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "आप्पा, तात्यांच्या मळ्यातून बोलतीय. तुमची चिंधी सोडायलेत. येताव का बघायला?"

तात्या विळा धरूनच उभे राहिले. "येडी का खुळी तू?" ते म्हणाले. काकू बाहेर येऊन दारात थांबली, आणि मला वाटलं ती पदराआड हसतेय.

आप्पा कुठंतरी जवळच्याच गावात झाडं बघत होते. बाजेची सावली सरकली तेवढ्यात त्यांची स्कुटी आली. त्यांनी ती स्टँडवर लावली, झाडाकडं बघितलं, चिंधीकडं बघितलं, आणि तात्यांना म्हणाले, "मालक, काय झालं?"

तात्या म्हणाले, "काय न्हाई. पोरीला खेळ सुचलाय."

"खेळ न्हाई," मी म्हणाले. "झाड तात्या मला देत होते. भाव झाला. मी घेत न्हाई, कारण चिंधी तुमची हाय. तेवढंच तुमाला सांगायचं होतं. आन् दुसरं इचारायचं हाय. मी दहावीला असताना ह्याच फांदीवर माझी हिरवी होती. ती सोडून तुमी पिवळी बांधलीत. का बांधलीत?"

आप्पांनी स्कुटीची किल्ली खिशात टाकली. मग शांतपणे म्हणाले, "बाई, मी आलो तव्हा फांदी मोकळी होती. मालकानं हाक मारली म्हून आलो. हिरवी दिसली असती तर मी गाडीवरून उतरलो असतो का? इचार मालकाला."

मी तात्यांकडं बघितलं. तात्या विळ्याची धार अंगठ्यानं बघत होते. आप्पांवर मी जो राग ठेवला होता तो तिथं संपला. त्याची मला जरा हळहळच वाटली, कारण तो चांगला टिकला होता. तात्यांवरचा मात्र दुप्पट झाला.

"मंग आता बोला," मी तात्यांना म्हणाले. "आप्पांची चिंधी ऱ्हाती का सुटती?"

"ऱ्हाती," तात्या म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते, माणूस समोर उभा.

"का ऱ्हाती?"

"बांधली म्हून ऱ्हाती. आता डोकं नको खाऊ."

"कुणीबी बांधली तरी?"

तात्या विहिरीवरच्या मोटरीकडं बघायला लागले. काकू दारातूनच म्हणाली, "बोला की आता. पोरगी तीन साल झाले आपल्या घरचा चहा पिली न्हाई."

म्हणजे काकूनं मोजलं होतं.

तात्यांनी विळा परत खुंटीला अडकवला. माझ्याकडं न बघता म्हणाले, "पुढल्या सालचं झाड तुझं. दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाई."

"तोंडी न्हाई. चिंधी आता बांधते. आप्पांच्या समोर. भावबी आताच करू."

"आगं, फूल न्हाई, फळ न्हाई, पुढल्या सालचा भाव आता?"

"तुमीच म्हणलात झाड घरात ऱ्हावं."

आप्पा हसले. भस्माखालच्या आठ्या हलल्या. ते म्हणाले, "मालक, ह्या पोरीला माझ्याकडं ठेवा, मी दुकान हिच्यावर सोडून घरी बसतो."

मी त्यांनाही मोकळं सोडलं नाही. म्हणाले, "आप्पा, मी फोन केला नसता तर संध्याकाळपर्यंत तुमचं झाड गेलं असतं. त्याचं काय?" त्यांनी विचारलं, काय पाहिजे. मी म्हणाले, या झाडाची चिंच फोडायला आष्टीला न्यायची नाही, आमच्या अंगणात आईच्या बायकांकडं द्यायची. आणि त्यातलं एक पोतं मला, निवडून, सरळ सरळ चिंचांचं, यंत्रासाठी. आप्पा म्हणाले, पोतं जास्त होईल, अर्धं घे. मी म्हणाले, मग चिंच फोडायचा दर वाढवा. त्यांनी पोतं दिलं आणि दरही थोडा वाढवला, कारण त्यांना आईच्या हातची चिंच माहीत होती. त्यात चिंचोका फुटलेला नसतो.

मग तात्यांशी पुढच्या सालचा भाव झाला. न दिसणाऱ्या फळाचा भाव मी पहिल्यांदाच केला. कठीण असतो. कुणाला वर बघायला काहीच नसतं, म्हणून दोघंही एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहतात. तात्यांचं तोंड इतक्या जवळून मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. डोळे दादांसारखे आहेत.

चिंधी बांधायची वेळ आली तेव्हा आप्पांनी त्यांच्या पिशवीतला पिवळा तुकडा पुढं केला. मी नको म्हणाले. कंपासपेटीतली हिरवी चिंधी मी होस्टेलवरून येताना बरोबर आणली होती, ती ओढणीच्या गाठीत होती. तात्यांनी ती गाठ बघितली. त्यांना ओळखता आली असती की नाही कोण जाणे. पण ती मी काढली नाही. ओढणीचीच निळी कड फाडली आणि पिवळीच्या शेजारी बांधली. जुनी मी ठेवून घेतली. ती बांधायची चिंधी राहिलेली नाही.

तात्या जवळ आले. चिंधी ओढून बघितली. "घट्ट बांध," म्हणाले. "वरीसभर ऱ्हायची हाय. वाऱ्यानं सुटंल."

"वाऱ्यानं सुटत नसती, तात्या," मी म्हणाले.

तात्यांनी गळ्यातला रुमाल काढून तोंड पुसलं आणि घराकडं तोंड करून ओरडले, "चहा ठेव गं. चौघांचा."

काकूनं तो ठेवलेलाच होता. कप हातात आला तेव्हा मी घेतला आणि प्यायले, सगळा. साखर कमी होती. तेही सांगितलं.